पप्पांच्या लायसन्सच्या फॉर्मवर 'फिट येते का' याला होय लिहू की नाही?

पेठरोडची_लेक

नमस्कार. लांब लिहितेय, पण सगळं वाचून मगच उत्तर द्यावं ही विनंती.

माझे पप्पा ट्रक चालवतात. बारा टायर गाडी, शेठची आहे, आमची नाही. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो किंवा कांदा भरायचा आणि आग्रा हायवेने वर जायचं. इंदूर, ग्वाल्हेर, कधी थेट दिल्ली. वय ४९. हेवीचं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. मी कॅनडा कॉर्नरला एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे, त्यामुळे घरातलं ऑनलाइनचं सगळं माझ्याकडेच असतं. सारथी पोर्टलवर रिन्यूअलचा अर्ज भरायचं कामही माझंच.

मागच्या पंधरवड्यात पप्पा खेपेवरून घरी आले होते. सकाळी मोरीपाशी तोंड धूत होते आणि धाडकन पडले. आईच्या ओरडण्याने मी धावले. अंग ताठ झालेलं, मग हातपाय झटकायला लागले, डोळे वर, तोंडाला फेस, जीभ चावलेली, कपडे ओले. शेजारच्या मावशींनी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली. झटके थोड्या वेळात थांबले, पण नंतर बराच वेळ पप्पा मला ओळखत नव्हते. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन साफ निघाला, शुगर ठीक. लेव्हेतिरासेटम नावाच्या गोळ्या दिल्या, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले, आणि निघताना सांगितलं, गाडी चालवायची नाही. किती दिवस, ते कुणी सांगितलं नाही.

आता फॉर्म. पहिलाच प्रश्न आहे की तुम्हाला अपस्मार आहे का, किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे किंवा चक्कर येण्याचे झटके येतात का. होय किंवा नाही. मी रोज रात्री पोर्टल उघडते आणि त्या प्रश्नाशी येऊन बंद करते.

पेठ रोडवरचा एजंट म्हणतो, 'ताई, नाहीवर टिक करा, मेडिकल मी करून आणतो, तिथे फिटबिट कुणी बघत नाही.' पप्पा म्हणतात एकदाच झालंय, उन्हाने झालंय. आई काहीच बोलत नाही. घरावर कर्ज आहे, भाऊ बारावीला आहे, आणि पप्पांची खेप बंद म्हणजे घरात माझा पगार तेवढा उरतो.

होय लिहिलं तर लायसन्स कायमचं गेलं का? आणि अजून एक. गेल्या वर्षी राहुड घाटात पप्पांच्या जोडीदाराची गाडी उलटली. पप्पा मागच्याच गाडीत होते, त्यांनीच त्याला केबिनमधून बाहेर काढलं, तो वाचला नाही. तेव्हापासून ते शांत-शांत असतात, रात्री झोप नाही. एका मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, काही महिने गोळ्या चालू होत्या. तेही फॉर्ममध्ये सांगावं लागतं का? की डिप्रेशन वेगळं आणि फिट वेगळी?


ओझरकर_भाऊ

ताई, नाहीवर टिक करा. हायवेवर निम्म्या ड्रायव्हरांना काही ना काही आहे. माझ्या मेव्हण्याला शुगरची चक्कर येते, इतकी वर्षं चालवतोय. होय लिहिलं तर घरी बसतील, आणि घरी बसलेला ड्रायव्हर दुसऱ्या आजाराने जातो. तुमच्या पप्पांचं वय बघता दुसरं काम कोण देणार?


निवृत्त_चालक_नाशिकरोड

पोरी, मी एसटीत जन्म काढला. कसारा घाट रात्रीचा, पावसाचा, धुक्याचा, सगळा चालवला आहे. ओझरकर भाऊ म्हणतात त्यात तळमळ आहे, पण मी त्यांच्याशी सहमत नाही आणि का ते सांगतो.

झोप येते तेव्हा माणसाला कळतं. डोळे जड होतात, जांभई येते, गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारता येतं. फिट तशी नोटीस देत नाही. तू स्वतः पाहिलंस, आधी अंग ताठ होतं. पाय ताठ झाला आणि तो ॲक्सिलरेटरवर असला तर तो तिथेच दाबून राहतो. भरलेली बारा टायर गाडी, राहुडचा उतार, समोर वऱ्हाडाची जीप. तुझ्या पप्पांनी जोडीदाराला केबिनमधून काढलं आहे, त्यांना हे मी सांगायची गरज नाही. ते उन्हाचं कारण देतात ते घाबरून. त्यांच्याशी भांडू नकोस.

आमच्या डेपोत एका चालकाला भोवळ यायला लागली होती. मेडिकलमध्ये अनफिट झाला, गाडीवरून काढला, पण घरी नाही पाठवला. त्याला वर्कशॉपकडे काम दिलं. सरकारी आणि महामंडळाच्या नोकरीत नोकरी चालू असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही, झेपेल अशा दुसऱ्या जागेवर घ्यावं लागतं, असा २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे, कलम २०. शेठच्या गाडीवरच्या ड्रायव्हरला हे संरक्षण नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण म्हणून शेठशी बोलायचंच नाही असं नाही. ज्या माणसाने रात्रंदिवस मार्केटमधून माल भरून नेला त्याला गाळ्यावरचं काम जास्त कळतं. वजन, क्रेटचा हिशेब, ताडपत्री, कुठल्या व्यापाऱ्याचा माल किती वाजता सुटला पाहिजे, हे सगळं ड्रायव्हरला येतं. तुझी हरकत नसेल तर मी तुझ्या पप्पांशी फोनवर बोलेन. ड्रायव्हरचं ड्रायव्हर ऐकतो.


सिडको_मोटार_स्कूल

ताई, मी सिडकोत ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, पेठ रोडच्या आरटीओत माझी रोजची ये-जा असते. कागदाची बाजू सांगतो.

दोन फॉर्म आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. फॉर्म १ म्हणजे अर्जदाराने स्वतःबद्दल केलेलं घोषणापत्र. फिटचा प्रश्न तिथे आहे. फॉर्म १-अ म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. ट्रान्सपोर्ट लायसन्सला ते लागतंच, आणि चाळिशी ओलांडलेल्याला साध्या गाडीच्या रिन्यूअललाही. पण १-अ मध्ये भर कशावर आहे बघा: दूरची नजर, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखतो का, रातांधळेपणा, ऐकू येतं का, हातपाय. मेंदूच्या आणि मनाच्या आजाराचा शोध घेणारं त्यात जवळपास काही नाही. म्हणजे एजंट सांगतोय ते खरं आहे, तिथे फिट कुणी बघणार नाही. नेमकं म्हणूनच सगळा भार तुमच्या त्या एका टिकवर येतो. व्यवस्थेने हे ओझं डॉक्टरवर टाकायला हवं होतं, ते तुमच्यासारख्या मुलीच्या अंगठ्यावर टाकलंय. मला हे अजिबात पटत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ८. अर्जातून किंवा मेडिकलमधून असं दिसलं की या आजारामुळे याचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं आहे, तर लायसन्स नाकारायचं. रिन्यूअललाही तेच लागू. कलम १६ प्रमाणे चालू लायसन्सही आजाराच्या कारणाने रद्द करता येतं किंवा नवीन मेडिकल मागता येतं. त्यावर कलम १७ खाली ३० दिवसांत अपील आहे. खोटी माहिती देऊन लायसन्स घेतलं तर कलम १९ मध्ये ते अपात्रतेचं स्वतंत्र कारण आहे. शरीराने किंवा मनाने गाडी चालवायच्या स्थितीत नसताना चालवली तर कलम १८६: पहिल्यांदा १००० रुपये, पुन्हा केल्यास २००० दंड. दंड छोटा वाटेल. पण त्या दिवशी कुणी मेलं आणि दवाखान्याच्या कागदावर 'गाडी चालवू नये' लिहिलेलं निघालं, तर प्रकरण दंडावर थांबत नाही.

मात्र तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तुम्हाला पुढच्या महिन्यातच टिक करायची आहे असं तुम्ही धरून चाललाय. तसं नाही. कलम १५ बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि मुदत संपल्यानंतर एक वर्ष, या काळात रिन्यूअलचा अर्ज करता येतो. वर्ष उलटलं तरच पुन्हा ड्रायव्हिंगची टेस्ट द्यावी लागते. म्हणजे लायसन्स संपू द्या. संपल्याच्या दिवसापासून पप्पांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, पूर्वी मिळायची ती ३० दिवसांची सवलतही आता नाही. फॉर्म आज कोरा ठेवा. एक वर्ष हातात आहे, तेवढ्यात डॉक्टरांकडून नक्की काय आजार आहे ते कळेल. उशिराचे जादा पैसे भरावे लागतील, ते भरा.


ओझरकर_भाऊ

सर, मग एवढ्यात छोटा हत्ती चालवला तर? सुप्रीम कोर्टाने एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर, चालतं म्हटलंय ना.


सिडको_मोटार_स्कूल

नोव्हेंबर २०२४ चा निकाल. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन्स पुरतं, वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा लागत नाही. बरोबर आहे. पण तो लायसन्सच्या प्रकाराचा निकाल आहे, आजाराचा नाही. फॉर्म १ मधला प्रश्न स्कूटरवाल्यालाही तोच आहे. पंचवटी कारंजावर छोटा हत्ती फुटपाथवर चढला तरी माणसं मरतात.


मनोविकार_नाशिक

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, इथेच प्रॅक्टिस करतो. नाव देत नाही, आणि पेशंट न बघता निदानही करत नाही. पण पेठ रोडच्या ताईंच्या पोस्टमधल्या एका वाक्यावर माझी नजर अडकली आहे: 'काही महिने गोळ्या चालू होत्या.'

ताई, एवढं शोधून सांगा. त्या गोळ्यांची नावं काय होती? त्यातली झोपेची किंवा 'टेन्शनची' कुठली होती का, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, असं काही? पप्पा ती किती काळ घेत होते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर की मेडिकलमधून थेट? आणि फिट आली त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी ती अचानक बंद केली होती का? सोबत दारू, अंगदुखीसाठी ट्रॅमाडॉल किंवा मंदसौर-नीमचकडच्या ढाब्यांवर मिळणारा डोडा (अफूच्या बोंडांचा भुसा), यातलं काही आहे का तेही विचारा. आरोप म्हणून विचारू नका. या प्रत्येक गोष्टीचा फिटशी संबंध असू शकतो म्हणून विचारा. आईसमोर विचारू नका, एकटे असताना विचारा.


पेठरोडची_लेक

डॉक्टर, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आधी निवृत्त काकांनी पप्पांशी फोनवर बोलणं केलं, त्याबद्दल त्यांचे खूप आभार. बराच वेळ बोलले दोघे, घाटांबद्दलच जास्त. त्यानंतर पप्पा जरा मोकळे झाले आणि मी गच्चीवर त्यांना विचारलं.

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या. सकाळची एस्सिटॅलोप्रॅम, ती डिप्रेशनची, आणि रात्रीची अल्प्राझोलाम. रात्रीची फक्त सुरुवातीचे काही आठवडे घ्या असं सांगितलं होतं. पप्पांनी उलटं केलं. सकाळच्या गोळीने लगेच काही वाटेना म्हणून ती सोडली, आणि रात्रीची चालू ठेवली. ज्या रात्री गाडी नसेल त्या रात्री एक, मग दोन, मग ट्रिपवर दुपारी झोपतानाही. हायवेवरच्या एका मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय. जवळजवळ वर्षभर. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आणि रिन्यूअलच्या मेडिकलमध्ये रक्तातून गोळी दिसेल असं कुणीतरी क्लीनरने सांगितलं म्हणून या खेपेवरून घरी येताना उरलेली पट्टी त्यांनी धुळ्याजवळ खिडकीतून फेकून दिली. त्यानंतर दोन रात्री झोपलेच नव्हते. तिसऱ्या सकाळी मोरीपाशी पडले.

दारू पप्पा घेत नाहीत. ट्रॅमाडॉल, डोडा, दोन्ही नाही म्हणाले आणि माझा त्यावर विश्वास आहे.

हे आम्ही दवाखान्यात सांगितलंच नव्हतं, कारण पप्पांना बोलता येत नव्हतं आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. याचा अर्थ ही फिट वेगळी आहे का?


मनोविकार_नाशिक

असू शकते. नक्की न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील, पण तुम्ही जे लिहिलंय ते त्यांच्या हातात पडलं की त्यांचा विचार बदलेल, म्हणून सविस्तर लिहितो.

अल्प्राझोलाम मेंदूला शांत ठेवणारी गोळी आहे. रोज घेतली की मेंदू त्या शांततेची सवय करून घेतो आणि स्वतःचा लगाम सैल करतो. गोळी एकदम काढली की लगाम नाही आणि गोळीही नाही. मेंदू उसळतो. घाम, थरथर, झोप उडणं, आणि काही जणांना फिट. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे हे सगळं बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांत सुरू होतं. तुमच्या पप्पांचा हिशेब यात बसतो. त्यात दोन रात्रींचं जागरण, जे एकट्यानेही फिटला निमित्त होऊ शकतं.

कारण सापडलेल्या, ते कारण टळलं तर परत येण्याची शक्यता कमी असलेल्या फिटला आम्ही अपस्मार म्हणत नाही. साखर एकदम उतरणं, सोडियम घसरणं, दारू अचानक बंद करणं, ही त्याच जातीची कारणं. अपस्मार म्हणजे निमित्त नसताना फिट येण्याची मेंदूची प्रवृत्ती. आपल्याकडे फीतकृमीची अंडी पोटात जाऊन त्यांच्या अळीने मेंदूत झालेली गाठ हेही फिटचं नेहमीचं कारण आहे. साध्या सीटीवर ते कधी कधी सुटतं. म्हणून एमआरआय आणि ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) करून घ्या. सगळं साफ निघालं तरच 'गोळी तुटल्यामुळे' असं म्हणता येईल. घाईने तसं ठरवून मोकळं होऊ नका, आणि या माझ्या पोस्टच्या जोरावर पप्पांना गाडीवर तर मुळीच बसवू नका.

लायसन्सच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. इतर देशांत तो स्पष्ट लिहिलेला आहे. ब्रिटनमध्ये ट्रक-बस चालवणाऱ्याला अपस्मार असेल तर औषध न घेता १० वर्षं फिट नसावी लागते, आणि निमित्ताशिवाय एकच फिट आली असेल तर ५ वर्षं. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्यात ट्रक नेणाऱ्यांचा नियम अपस्माराला मुळात मनाई करतो. सवलत मागायची तर ८ वर्षं फिट नसावी, एकट्या निमित्तविरहित फिटला ४. निमित्ताने आलेल्या फिटचा विचार दोन्हीकडे कारण बघून वेगळा होतो. तिथल्या ड्रायव्हरला तपासणीआधी जो फॉर्म भरावा लागतो त्यात फिट, झोपेचे विकार, नैराश्य, चिंता हे सगळं नावानिशी विचारलेलं असतं, आणि प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचं. आपल्या फॉर्म १ मध्ये मुदत नाही, प्रकार नाहीत. 'कुठल्याही कारणाने' या दोन शब्दांत सगळ्यांना एकाच पोत्यात भरलंय. त्यामुळे इलाज करून दहा वर्षं ठणठणीत असलेला माणूसही खोटं लिहितो, आणि कालच फिट आलेलाही तेच खोटं लिहितो. दोघांतला फरक आरटीओला कळायचा मार्गच उरत नाही.

तुम्ही आत्ता करायच्या गोष्टी. लेव्हेतिरासेटम मनाने बंद करू नका. अल्प्राझोलाम मनाने पुन्हा सुरू करू नका. लेव्हेतिरासेटमने काहींना चिडचिड होते, उदासी वाढते, आणि पप्पांना ती आधीच आहे, म्हणून असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि घरात पुन्हा झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल यांचा उपयोग नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना.

आणि ताई, मूळ आजार विसरू नका. जोडीदाराला मरताना पाहिलेल्या माणसाची झोप उडाली, त्यावर उपचार अर्धवट राहिला, तिथून हे सुरू झालंय. तो उपचार पुन्हा नीट सुरू व्हायलाच हवा. खाजगी झेपत नसेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.


ओझरकर_भाऊ

डॉक्टर, एक विचारतो. मी स्वतः पिकअप चालवतो. सकाळी एस्सिटॅलोप्रॅम घेतो, सात-आठ महिने झाले. बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. म्हणजे मीही गाडी चालवायची नाही का? फॉर्ममध्ये डिप्रेशनचं नाव नाही, मी वाचून बघितलं.


मनोविकार_नाशिक

भाऊ, विचारलंत ते फार बरं केलंत. नाही, तसा सरसकट नियम नाही. नैराश्य नावाने फॉर्म १ मध्ये नाही. शेवटी 'गाडी चालवणं धोक्याचं होईल असा दुसरा काही आजार' असा एक प्रश्न आहे, आणि तुमचा आजार तसा आहे का ते तुमची स्थिती ठरवते, गोळीचं नाव ठरवत नाही.

मी माझ्या पेशंटकडे काय बघतो ते सांगतो. झोप पुरेशी होते का. लक्ष टिकतं का, की सिग्नल हिरवा झालेला हॉर्न वाजल्यावर कळतो. आत्महत्येचे विचार आहेत का, विशेषतः गाडी चालवताना आल्यासारखे. गोळी नवीन आहे किंवा डोस वाढवलाय का, तसं असेल तर पहिले काही दिवस गाडी नको. एस्सिटॅलोप्रॅम बहुतेकांना गुंगी आणत नाही. गुंगी आणतात त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ॲमिट्रिप्टिलिन, क्वेटियापिन आणि सर्दीच्या साध्या गोळ्यासुद्धा. भास होणं, संशयाचा आजार बळावणं, उन्मादाचा झटका, या काळात गाडी पूर्ण बंद, आणि नंतर स्थिर राहिल्याचा पुरेसा काळ गेल्याशिवाय ट्रक नाही. पण उपचार घेऊन बरा असलेला माणूस उपचार न घेता कुढत गाडी चालवणाऱ्यापेक्षा रस्त्यावर कितीतरी सुरक्षित असतो. 'लायसन्स जाईल' या भीतीने माझ्याकडचे ड्रायव्हर गोळ्या सोडतात तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

आणि गुप्ततेचं. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २३, तुमच्या आजाराची माहिती डॉक्टर सहसा कुणाला देऊ शकत नाही. दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवायचं असेल, असे मोजकेच अपवाद त्याला आहेत. तुमच्या शेठने मला फोन केला तर मी त्याला काही सांगणार नाही. तुमच्या डॉक्टरांना एकदाच स्पष्ट विचारा, मी पिकअप चालवतो, चालेल का, आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.


दिंडोरीचा_गाडीमालक

चार गाड्या आहेत माझ्या, द्राक्षाच्या सीझनला न्हावाशेवाला कंटेनर जातात. मालकाच्या बाजूने दोन शब्द. ड्रायव्हरने आजार लपवला आणि काही झालं तर गाडी, माल, केस, सगळं माझ्यावर येतं हे खरं. पण ड्रायव्हर लपवतो कारण सांगितल्यावर आम्ही दुसऱ्या दिवशी चावी काढून घेतो, हेही खरं. मी माझ्या माणसांना सांगून ठेवलंय की आजार सांगितला तर चावी जाईल, पण काम जाणार नाही. एका जणाला सहा महिने पॅकहाऊसवर पॅलेट मोजायला ठेवलं होतं. पगार कमी पडला, ड्रायव्हरचा भत्ता नाही, पण घर चाललं. ताई, तुमच्या पप्पांच्या शेठला तुम्ही भेटायला जाल तेव्हा रडत जाऊ नका, काम मागायला जा. कांद्याच्या मार्केटात माल ओळखणारा माणूस मिळणं अवघड असतं.


पेठरोडची_लेक

सगळ्यांना कळवते.

न्यूरॉलॉजिस्टना भेटलो. या वेळी पप्पांनी स्वतः सगळं सांगितलं, पट्टी फेकली ते सुद्धा. ते डॉक्टर पेन ठेवून ऐकत होते. एमआरआय झाला, साफ आहे, गाठ वगैरे काही नाही. ईईजी झोप कमी ठेवून पुन्हा एकदा करायचा आहे. ते म्हणाले, गोळी तुटल्याने आलेली फिट असण्याची शक्यता जास्त आहे, पण शिक्का मी आज मारणार नाही. लेव्हेतिरासेटम सध्या चालू. ट्रक बंद, मोटरसायकलही बंद, आणि हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. ट्रकचा विचार पुढच्या तपासणीनंतर करू म्हणाले आणि सहा महिन्यांनी बोलावलं आहे. मानसोपचाराचं जुन्या डॉक्टरांकडेच पुन्हा सुरू केलं. सकाळची गोळी परत चालू झाली आणि दर आठवड्याला बोलायला बोलावलंय. पप्पा पहिल्यांदा गेले तेव्हा आत तासभर होते.

शेठकडे मी आणि पप्पा दोघे गेलो. काम मागायला. पिंपळगावच्या गाळ्यावर लोडिंगचं बघायला लावलंय, पगार ड्रायव्हरकीच्या मानाने बराच कमी आहे, पण बँकेत जाऊन हप्ता लांबवता येतो का ते मी बघतेय, ते माझ्या कामातलं आहे.

फॉर्म भरलेला नाही. एजंटचा फोन आला होता, त्याला नको म्हणून सांगितलं.

फक्त एक शंका राहिली. सहा महिन्यांनी डॉक्टर ठीक म्हणाले तरी तो प्रश्न 'कुठल्याही कारणाने' असाच असणार ना? मग तेव्हा काय लिहायचं?


सिडको_मोटार_स्कूल

तेव्हाही खरंच लिहायचं, होय. आणि सोबत न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडायचं: फिट कधी आली, कारण काय निघालं, कारण दूर झालं का, आज ट्रक चालवायला योग्य आहे की नाही. १-अ देणाऱ्या डॉक्टरांनाही तेच पत्र दाखवायचं, एजंटच्या हाती नाही, स्वतः जाऊन. कलम ८ ची कसोटी आजाराचं नाव नाही, लोकांना धोका आहे की नाही ही आहे. अधिकाऱ्याने तरी नाकारलं तर लेखी कारण मागा आणि ३० दिवसांत अपील करा, मी अर्ज लिहायला मदत करेन. न्यूरॉलॉजिस्टनीच नाही म्हटलं तर मात्र अर्ज करू नका. आणि वर्षाची मुदत कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.